लाल दोऱ्याचं स्टेअरिंग
सत्त्याऐंशी सालची गोष्ट. नागभीडचा श्रावण दोन वर्षं घरामागच्या छपरीत भंगारातून वाडीपुरता ट्रॅक्टर जुळवत होता. स्टेअरिंग नाल्यात कोसळलेल्या जीपचं, लाल दोरा गुंडाळलेलं. ते बसवल्यापासून पुढची चाकं रोज आपोआप जंगलाकडे वळायची. “नट ढिला असन,” म्हणत तो पाना लावायचा. एका दुपारी चारोळी विकायला आलेली म्हातारी बुधरी थबकली. तिनं दोऱ्यावर हात ठेवला. “भाऊ, हा माह्या पोरानं गुंडाळला. जीप तोच चालवे. तो मेल्यावर नाल्यावर जाऊन त्याचा जीव घरी बोलावला, तं आलाच नाई.” स्टेअरिंगला म्हणाली, “इथी बसून राह्यला काय रे? चाल बेटा.” जीव घरी नेताना मागे पाहायचं नाही, या रिवाजाप्रमाणे मागे न पाहता ती जंगलातल्या आपल्या घराकडे निघाली. इंजिन अजून न बसवता बाकावरच होतं, तरी ट्रॅक्टर तिच्या मागे हलला. श्रावणनं धावत चाकाखाली दगड लावला. चाक दगडाला टेकून थरथरू लागलं. त्यानं दगड काढला.