दारावरच्या गोळ्या

झोपडीच्या दारावर गोळ्यांची पाकिटं टांगली होती. सुमनबाई आत जाता जाता थबकल्या. काळ्या दोऱ्यात ओवलेली सहा-सात पाकिटं होती आणि प्रत्येकात एखाद-दुसरी गोळी शिल्लक होती, बाकीचे खळगे फोडून रिकामे केलेले. वाऱ्याने ती एकमेकांवर आपटत होती. आवाज होत असणारच, पण सुमनबाईंना तो ऐकू आला नाही.

त्यांना काहीच ऐकू येत नसे. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा टीबी त्यांना झाला होता. मुंबईला आठ महिने सुया टोचून घेतल्या, तेव्हा कुठे तो गेला आणि त्या सुयांपायी जाताना कान घेऊन गेला. तेव्हापासून त्या समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेत, आणि पिंपळगावच्या द्राक्षबागांमधल्या मजुरांकडून टीबीच्या गोळ्या पुऱ्या करून घेत. त्यासाठी दवाखान्यात भांडत, बागायतदारांशीही भांडत. गोळी घ्यायला जाणाऱ्याचा खाडा लावायचा नाही, हे त्यांनी २००६ च्या तोडणीच्या आधीच सगळ्यांच्या मानगुटीवर बसून कबूल करून घेतलं होतं. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो, हे एव्हाना बागायतदारांना कळून चुकलं होतं. बाई ऐकतच नसत.

त्या मजुरांपैकी चांगुणा दोन सोमवार आली नव्हती. सोमवारी एक डोस सुमनबाईंच्या समोर घ्यायचा आणि आठवड्याचं पाकीट घरी न्यायचं, असं इतके दिवस नीट चाललं होतं. उपचाराचा हा पाचवा महिना, सहा महिने पुरे करायचे होते. म्हणून दुपारच्या सुट्टीत तिच्या नावाचा औषधाचा खोका काखेत मारून त्या स्वतःच आल्या होत्या.

चांगुणा चुलीपाशी बसली होती. बावीस-तेवीसची पोर, हातांना द्राक्षांचा चिकटा. तिची सासू भागीबाई दाराशी पाय पसरून बसलेली. दोघी पेठ तालुक्याकडून तोडणीला आलेल्या.

"तिला आता बरं हाय, बाई," भागीबाई म्हणाली. "खोकला गेला. दाराला बांधून बी टाकलं."

"काय बांधलं?"

भागीबाईने वर बोट केलं. यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता. तिच्या घरात शेवटचं औषध कोणी खात नसे. ते दाराला बांधायचं. दुखणं उलटून आलं, की दारात आपलं औषध बघतं आणि मागे फिरतं. सगळं खाऊन टाकलं, तर त्याला अडवणार कोण? म्हणून जिथे कामाला जाईल तिथे ती ही माळ बरोबर नेत असे.

"ही चांगुणाची," ती एकेका पाकिटाला हात लावत म्हणाली. "ही माझ्या दिराची. ह्या दोन बारकूच्या."

बारकू म्हणजे तिचा मुलगा, चांगुणाचा नवरा. तो दोन वर्षांपूर्वी टीबीनेच गेला, एवढं सुमनबाईंना माहीत होतं.

"बारकू मधे बरा झाला होता?"

"झाला की. चार महिने खोकला नव्हता. मंग उलटलं. ह्याच गोळ्या परत दिल्या, पर मातीवानी गेल्या पोटात. कायबी फरक नाय."

"आणि दीर?"

"त्यो बी तसाच."

भाजीत मीठ किती घातलं हे सांगावं, तशी ती सांगत होती. सुमनबाईंना वर बघवेना.

"मावशी, दुखणं अर्धमेलं सोडलं ना, की ते गोळीला ओळखायला लागतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा गरजेपेक्षा मोठा होता. "मग ते तिला भीत नाही. तुम्ही तर दारात टांगून त्याला रोज ओळख करून देताय."

भागीबाईचा हात माळेकडे गेला आणि मधेच थांबला.

"मंग दाराला काय बांधू?"

"काही नको. दार मोकळं ठेवा."

चांगुणा उठली. तिने सासूकडे पाहिलं नाही, सुमनबाईंसमोर येऊन हात पुढे केला.

"द्या. मी सगळ्या खाते. शेवटची बी."

सुमनबाईंनी आनंदाने लगेच खोका उघडला. त्यांनी नवं पाकीट फोडलं. चांगुणाने पेला भरून घेतला आणि लाल कॅप्सूल, मग पांढऱ्या गोळ्या, एकेक करून गिळल्या. सुमनबाईंनी तिला तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली. सगळं पोटात गेलं होतं. आता पोर वाचली, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी कौतुकाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

तळव्याखाली पाठ हादरली. एकदा, मग लागोपाठ दोनदा. पाण्याचा ठसका लागला असेल, असं म्हणून सुमनबाई तिची पाठ चोळत राहिल्या.

मग त्यांचं लक्ष भागीबाईकडे गेलं. ती उठून उभी राहिली होती. दाराच्या लाकडाला पाठ लावून ती चांगुणाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रक्त म्हणून राहिलं नव्हतं.

"काय झालं, मावशी?"

भागीबाई दोन पावलं पुढे आली. बहिऱ्या बाईला ओठ नीट दिसावेत म्हणून तिने पदर तोंडावरून बाजूला केला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितला.

"चांगुणाचा खोकला असा नव्हता, बाई. ह्यो माझ्या बारकूचा हाय."