साडेसातचा आरसा

शाल्मली ज्या उपग्रहावर नोकरीला होती तो आकाशात जागचा हलत नसे, म्हणून देवस्थळींनी गच्चीवरची दुर्बीण सिमेंटमध्येच पक्की केली होती. रोज संध्याकाळी साडेसातला ती वरून आरसा फिरवी आणि बापाला ठिणगी दिसे.

काल तिची बदली झाली, थेट पृथ्वीच्या पलीकडच्या उपग्रहावर. तो इथून कधीच दिसणार नव्हता.

देवस्थळी छिन्नी-हातोडा घेऊन वर आले. सवयीनं भिंगाला डोळा लावला. ठिणगी चमकली!

लगेच फोन वाजला.

"बाबा, मी रोसा. शाल्मलीच्या जागी आले," कुणीतरी मोडक्या मराठीत म्हणालं. "दिसलं? माझी आई पृथ्वीच्या पलीकडे, लिमा शहरात असते. तिच्यासाठी तिकडून शाल्मली आरसा फिरवणार."

देवस्थळींनी छिन्नी खाली ठेवली.

"दिसलं गं," ते म्हणाले. "जेवलीस का?"