टेकाडावरची हाक

शेताच्या टोकाला काटेरी झाडांनी वेढलेलं गोल टेकाड होतं. तिथे 'भली माणसं', म्हणजे मुलं पळवून त्यांच्या जागी हुबेहूब आपली ठेवणारे अदृश्य लोक, राहतात असं म्हणत; म्हणून त्यावर कुणी नांगर घालत नसे. म्यूरनचा धाकटा भाऊ टीर्नान तिथेच खेळताना हरवला आणि दोन दिवसांनी आपल्या पायांनी घरी आला. तो परतला म्हणून चर्चमध्ये मेणबत्त्या लागल्या.

त्याच संध्याकाळी टेकाडावरून हाक आली, "म्यूरन, मला न्यायला ये ना गं!"

आवाज टीर्नानचा होता. टीर्नान तर चुलीपाशी बसून बटाटे सोलत होता. त्याने मानही वर केली नाही.

"आई, ऐकलंस?"

"वारा आहे." आईने खिडकी लावून घेतली. "चल, ताटं मांड."

मग हाक रोजच येऊ लागली. आधी आधी म्यूरन रडली. पुढे तिला काही वाटेनासं झालं. हाक आली की ती ताटं मांडायची, एवढंच.

एका संध्याकाळी मात्र ती उठली. "आई, हा आपला टीर्नान नाही. मी खऱ्या टीर्नानला घेऊन येते."

"मला का कळत नाही?" आई हळूच म्हणाली. "पण हा जेवतो, हसतो, मला बिलगून झोपतो. राहू दे की."

म्यूरनने दार उघडलं. टेकाडावरून टीर्नान ओरडला. त्याच्या पाठोपाठ एक मुलगी ओरडली, "आई, मीपण इथेच आहे गं! किती वर्षं झाली!"

तो आवाज म्यूरनचा होता.

तिने वळून पाहिलं. आई दचकलीसुद्धा नव्हती.

"दार लाव, बाळा," ती म्हणाली. "जेवण निवतंय."

म्यूरनने दार लावलं.