गालावरची तीट

"पुसायची न्हाई," मोनिका म्हणाली. "इथं न्हाई, अन् घरी जाऊन कंप्युटरवर पण न्हाई. कबूल असंल तर काढा."

ज्ञानेश्वरनं मान हलवली. धाकटा ओम गेल्यापासून बायको त्याच्याशी एवढं सलग पहिल्यांदाच बोलली होती.

मोनिकानं काजळाच्या डबीत बोट फिरवलं आणि संस्कृतीच्या डाव्या गालावर तीट लावली. लावली कसली, थापलीच. चांगली बोराएवढी. चौथीत जाणाऱ्या पोरीला आता कोण तीट लावतं? पण पोरीनं लावून घेतली. एरवी ती ऐकणाऱ्यातली नव्हती.

फोटोचा हट्ट तिचाच. शेताच्या कडेला पाटाच्या चारीवर लहानसा पूल आहे, त्याच्या कठड्यावर दर हंगामाला दोघा बहीणभावांचा एक फोटो व्हायचा. उन्हाळ्यात मागं नांगरलेली ढेकळं, पावसाळ्यात बाजरी, थंडीत ज्वारी. सकाळच्या कोवळ्या उन्हापुढं स्टुडिओतले दिवे झक मारतात, असं ज्ञानेश्वर म्हणायचा. उद्यापासून ज्वारी काढायला माणसं येणार होती. "मग या थंडीचा फोटू राहूनच जाईल," संस्कृती काल जेवताना म्हणाली, आणि दोघांचेही घास हातातच राहिले.

ज्ञानेश्वर लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा. श्रीरामपूरपासून शिर्डीपर्यंत त्याचं नाव होतं. नवरीच्या हनुवटीवरचा मुरूम, नवरदेवाच्या कपाळावरचा घाम, ओघळलेलं कुंकू, सगळं तो कंप्युटरवर बसून असं साफ करायचा की वरमाय खूश. त्याच सवयीनं त्यानं बाजरीतल्या फोटोत ओमच्या गालावरची तीट साफ केली. मोनिकानं त्या सकाळी स्वतःच्या बोटानं लावलेली तीट. ऊन कसं छान पडलंय गालावर, त्यात हा डाग कशाला, एवढाच त्याचा विचार. फोटो स्टेटसला टाकला आणि सगळा तालुका म्हणाला, काय गोड पोरगं. त्याच आठवड्यात ओमला ताप भरला. डॉक्टर डेंग्यू म्हणाले. सलाईन झालं, रक्ताच्या पिशव्या झाल्या, नवससायास झाले. पोरगं काही हाती लागलं नाही.

हार घालायला ओमपुरता कापून मोठा करून आणला तो तोच फोटो. भिंतीवर टांगल्यावर मोनिकाचं लक्ष गेलं. पोराचा गाल कोरा होता.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ज्ञानेश्वर बीएस्सी झालेला माणूस. डास कुठं होतात, ताप कशानं येतो, त्याला सगळं ठाऊक. तरी त्या भिंतीसमोरून जाताना तो खाली मान घालून जायचा.

"चढ," तो पोरीला म्हणाला.

संस्कृती कठड्यावर चढून बसली ती सवयीनं एका कडेला. शेजारी एका पोरापुरती जागा मोकळी. मधी सरक म्हणायचं सोडून त्यानं कॅमेऱ्याची काच पुसली. ऊन समोरून तिच्या केसांवर, मग कपाळावर उतरलं. मागं कणसं भरलेली. यंदा ज्वारी झालीही होती फार चांगली, मेली. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, तशी पोरीनं मान वळवली आणि उजवा गाल पुढं केला.

"समोर बघ बाळा."

"हीच बाजू काढा पप्पा." मम्मीला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू ती म्हणाली. "इकडं तीट न्हाई. तुमाला पुसायला लागायची न्हाई."

कुणी तोंडावर शिव्या घातल्या असत्या तर ज्ञानेश्वरनं त्या मुकाट्यानं घेतल्या असत्या. पोरगी त्याला सांभाळून घेत होती, हे मात्र त्याला सोसवेना.

"दिसू दे तीट," तो म्हणाला. "समोर बघ."

ती समोर वळली. पण आता त्यालाच काही दिसेना. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचे म्हणजे मागं उभ्या असलेल्या मोनिकाला कळणार.

"काढा की," मोनिका म्हणाली. "ऊन चाललं."

हे त्याचंच वाक्य. पोरं कठड्यावर रेंगाळली, एकमेकांना ढकलायला लागली की तो असंच खेकसायचा. ओम मुद्दाम आणखी वेळ लावायचा, बापाला चिडवायला.

त्यानं बटण दाबलं. धंद्याची सवय, लगेच फोटो मोठा करून बघितला. कॅमेरा हलला होता. डोळे, नाक, ओठ, सगळं एकमेकांत मिसळलेलं. मागची ज्वारी म्हणजे नुसता पिवळा फरकाटा. गिऱ्हाइकाला असला फोटो दाखवायलाही तो लाजला असता. आणखी एक काढावा म्हणून त्यानं मान वर केली, तर मोनिका शेजारी येऊन उभी. तिनं कॅमेरा त्याच्या हातातून घेतला, पदराची सावली धरली आणि बराच वेळ त्या चौकोनात बघत राहिली.

चेहरा ओळखू येत नव्हता. गालावरचा काळा ठिपका तेवढा दिसत होता.

"आली," ती म्हणाली. "तीट आली." आणि तिनं काजळाची डबी बंद केली.

"अन् मी?" संस्कृतीनं कठड्यावरून विचारलं.