कानातलं शेवाळ

"केस नीट विंचर," मोर्वेन म्हणाली. "माणसांत जायचंय तुला. डोक्यात पानं घेऊन गेलीस तर म्हणतील, वीस वर्षं हेच शिकवलं का?"

"मी खोचत नाही, मावशी. आपोआप येतात ती," फिया म्हणाली.

"संगतीचा परिणाम," डारा आजोबांनी निकाल दिला. रानलोकांत निकाल द्यायचं काम त्यांचंच. फियाला ताप आला की मोर्वेनच्या जिवाशी बांधलेलं झाड पानं गाळायचं, तेव्हाही त्यांचा निकाल हाच होता.

रीत जुनी. दर पिढीत रानातलं एक बाळ माणसांच्या पाळण्यात जायचं, तिथलं इकडे यायचं; या खेपेला ने-आण डारा आजोबांनी केली होती. गावात आपलं रक्त असलं की कुऱ्हाड जपून चालते. आईने मात्र बाळाचं तोंड पाहायचं नाही. पाहिलं की हात सुटत नाहीत. मोर्वेनने पाहिलं नव्हतं. न पाहिलेलं ते तोंड ती वीस वर्षं आठवत होती.

आलेल्या पोरीला खाऊ-पिऊ घालायचं, पण 'आई' म्हणू द्यायचं नाही. वीस उन्हाळे सरले की जन्मदात्रीला एकदाच अदलाबदल मागता येते. मोर्वेनने मागितली. लेक जिच्या घरी वाढत होती त्या गावातल्या ब्रिजिडच्या दारात निरोपाची काडी ठेवून झाली होती.

"मी गेल्यावर तुला दंव कोण वेचून देईल?" फियाने विचारलं.

"माझी लेक."

"तिला जमेल?"

"तुला शिकून जमलं. तिच्या तर रक्तातच असणार."

फियाने केस पुन्हा विंचरले.

ओढ्यापाशी तिघांनी कानांत शेवाळ कोंबलं. ओलांडणं होईपर्यंत माणसांचा शब्द ऐकायचा नसतो; माणसं रडतात, विनवतात, घासाघीस करतात.

पलीकडे ब्रिजिड एकटीच उभी होती. मोर्वेनची नजर तिच्या मागच्या वाटेवर खिळली. लेक मागून येत असेल. ब्रिजिड दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होती. डारा आजोबांनी छातीवर हात ठेवून मान हलवली: बिचारीला पोर सोडवत नाही.

आधी रानात वाढलेलीने जायचं. फिया पाण्यात उतरली, थांबली, वळली. तिचे ओठ हलले. एवढासा शब्द होता. मोर्वेनने कानावर बोट ठेवून दाखवलं आणि मग तेच बोट पुढे केलं: चल.

अदलाबदलीच्या दिवशी जो पाणी ओलांडतो त्याला, गावातल्या कुणालाही दिसत नाहीत तसे, रानात उभे रानलोक पुन्हा दिसत नाहीत. पलीकडे पोहोचल्यावर फियाने मागे पाहिलं. तिची नजर मोर्वेनवरून फिरली आणि पुढे गेली.

मोर्वेनने घाईघाईने कान मोकळे केले. "आता माझी लेक पाठव, ब्रिजिड."

"कधीची ओरडतेय मी," ब्रिजिड आवाजाच्या दिशेने, झुडपांकडे पाहत म्हणाली. "त्या रात्री मी जागीच होते. उंबऱ्यावर दुधाची वाटी ठेवली होती. तुमचे म्हातारबाबा माझी नोरीन खाली ठेवून ती प्यायला बसले. त्यांची पाठ होती तेवढ्यात मी माझी उचलली आणि पाळण्यातली तुमची तिथे ठेवली. नोरीन घरी भाकरी भाजतेय. ही तुमचीच पोर, बाई. हिला कशाला पाठवलंत?"