धारेची वेळ

दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर ती मालिका लागायची. दर वेळी नवीच अचाट गोष्ट, आणि शेवटाला अंगावर काटा. पण शेवट व्हायच्या आधीच म्हशीची धार काढायची वेळ व्हायची. अंबूबाई चरवी घेऊन गोठ्यात जायच्या आणि राहिलेली गोष्ट नवरा, सोनबा, जेवताना सांगायचा.

एका भागात एक बाई भिंतीत उघडलेल्या दारातून दुसऱ्याच जगात गेली.

"मग म्होरं?" अंबूबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"म्होरं काय? तिला तिकडं करमंना. आली रडत घरी."

पुण्याला नर्सच्या ट्रेनिंगला जायला भरलेली पिशवी अंबूबाईंनी त्याच आठवड्यात रिकामी केली.

पस्तीस वर्षांनी नातीनं, प्रगतीनं, तोच भाग मोबाईलवर लावून दिला. "आजी, जुनं हाय, पर लई भारी हाय!"

आता गोठ्यात म्हैस नव्हती. अंबूबाईंनी पहिल्यांदाच शेवट बघितला.

"झालं का बघून?" सोनबानं विचारलं.



"झालं. तिला तिकडं लई करमलं वो. करमलं न्हाई ते मला, हितं."