भोंग्यावरची तेलुगू

स्तनांच्या तपासणीची गाडी सोलापुरातल्या विडी कामगारांच्या गल्लीत पुन्हा आली. भोंग्यावरून तासभर मराठीत सूचना झाल्या, पण गाडीची पायरी कुणीच चढलं नाही.

"इथल्या बायकांना स्वतःची काळजीच नाही," डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या.

ओट्यावर विड्या वळणाऱ्या अंबुबाईंनी मांडीवरचं सूप बाजूला सारलं. "काळजी आहे हो! पण आमच्या घरांत तेलुगू चालते. थोरल्या बायांना तुमचं निम्मंसुद्धा कळत नाही. द्या तो माईक इकडं."

डॉक्टरीणबाईंनी लगेच दिला. अंबुबाई माईक घेऊन उभ्या राहिल्या. गेल्या वर्षी त्यांच्याच छातीतली गाठ काढली होती आणि लाजेपोटी त्यांनी ते घरातही कळू दिलं नव्हतं. आज मात्र सगळं तेलुगूतून भोंग्यावर सांगून टाकलं. गाठ दुखत नव्हती, तरी दाखवली; म्हणून आज तुमच्यापुढं उभी आहे, असं म्हणताना त्यांचा आवाज खणखणीत झाला.

मग एकेक दार उघडलं. तंबाखूचे हात पदराला पुसत बायका बाहेर आल्या. सगळ्यांत पुढं अंबुबाईंची थोरली जाऊ होती.

"मलाही गाठ आहे गं," ती पुटपुटली. "कुणाला सांगावं, कळत नव्हतं."

आत तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या तपासण्या करू. पण गाठ लहान आहे, अगदी वेळेवर आलात."

अंबुबाईंनी ते तेलुगूत सांगितलं. जाऊ ताठ मानेनं पायरीवर आली आणि कोपऱ्यापर्यंत गेलेल्या रांगेला ओरडून म्हणाली, "या गं सगळ्या! मी वेळेवर आलेय!"